पाखरांच्या पोटातील दाणे

मराठी साहित्यात पाखरे पुष्कळ आहेत. पिकावर उतरलेली पाखरे मात्र थोडी. आपल्या कवितेतील पक्षी निरोप आणतो, घरटे बांधतो, विरहिणीच्या अंगणात ओरडतो, आभाळाच्या कडेला नाहीसा होतो. तो जोंधळ्याच्या कणसावर बसून दाणा टिपतो आणि तो दाणा कोणी तरी पेरलेला असतो, या साध्या गोष्टीची दखल आपल्या लेखकांनी क्वचितच घेतलेली आढळते. वास्तविक शेतकऱ्याची आणि पक्ष्याची खरी ओळख होते ती याच ठिकाणी. कणसात दूध भरू लागले की भल्या पहाटे माळ्यावर चढून बसावयाचे, गोफण फिरवावयाची, पत्र्याचा डबा बडवावयाचा, आणि दिवेलागणीला थवे झाडांकडे परतले म्हणजे खाली उतरावयाचे, हा क्रम ज्या देशात शतकानुशतके चालत आला, त्या देशाच्या साहित्यात राखणीचे चित्र कसे उमटले आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आमच्या मनात आला तो शेतावरून नव्हे, तर एका सरकारी ग्रंथावरून, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. आमच्यासारख्या केंद्रीय कचेरीतील कारकुनाला शेत दिसते ते आगगाडीच्या खिडकीतून, आणि तेही रजा मंजूर झाली तर. १९१२ साली हिंदुस्थान सरकारच्या कृषिखात्याच्या प्रबंधमालेत, कीटकशास्त्र विभागात, सी. डब्ल्यू. मेसन यांचा ‘द फूड ऑफ बर्ड्‌स इन इंडिया’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला. तत्कालीन साम्राज्य-कीटकशास्त्रज्ञ एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे नावही या प्रबंधाशी जोडलेले आहे. हे काम झाले ते मुख्यतः बिहारातील पुसा येथे. दिल्लीतील आमच्या वाचकांना पुसा म्हटले की करोलबागेजवळचा रस्ता आणि त्यापलीकडील हिरवी शेते आठवतील. परंतु हे नाव दिल्लीचे नव्हे. हेन्री फिप्स नामक अमेरिकन गृहस्थाच्या देणगीतून १९०५ साली बिहारात ही कृषिसंशोधन संस्था उभी राहिली, १९३४ च्या भूकंपात तिची इमारत कोसळली, आणि १९३६ साली संस्था दिल्लीस आली ती आपले गावचे नाव बरोबर घेऊन. बदली झालेल्या नोकरमाणसाने गावाचे नाव आडनावात जपावे, तसाच हा प्रकार.

मेसन यांची पद्धत सांगावयास सोपी आहे. पक्षी बंदुकीने मारावयाचा, त्याचे जठर उघडावयाचे आणि त्यात काय सापडते ते मांडावयाचे. पिकाचा नाश करणारे किडे किती, त्या किड्यांचा नाश करणारे उपकारक किडे किती, ना बऱ्यात ना वाइटात असे किती, धान्य किती, फळे किती. मग त्यावरून हा पक्षी शेतकऱ्याचा मित्र की शत्रू हे ठरवावयाचे. यापूर्वी शेतकऱ्याने पक्ष्याची एकच बाजू पाहिली होती आणि कवीने दुसरी. दोन्ही बाजू एकाच पानावर मांडून खालची बेरीज पाहावी, ही कल्पना जमाखर्चाच्या माणसाची आहे, आणि आम्हांस ती मनापासून आवडते.

असा ग्रंथ साहित्य म्हणून कोणी वाचीत नाही, आणि आपल्याला तसे वाचावे असा त्याचा आग्रहही नाही. तथापि त्याच्या भाषेबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या जातीच्या अहवालांतील वाक्यरचना बहुधा कर्मणी असते. पक्षी ‘मारला गेला’, जठर ‘तपासले गेले’, दाणे ‘आढळून आले’. मारणारा, तपासणारा, आढळणारा असा कोणी नसतोच. ही वाक्यरचना आमच्या चांगल्या परिचयाची आहे. आमची उरलेली नोकरी तिच्यातच जावयाची आहे. तिचा एक गुण असा की ती भावनेला वाव देत नाही, आणि एक दोष असा की ती जबाबदारीलाही वाव देत नाही. पाखरू मेले ते विज्ञानासाठी की पिकासाठी की दोन्ही नावांखाली केवळ निशाणबाजीच्या हौसेसाठी, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

शिवाय जठराच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. अळीसारखे मऊ अन्न लवकर पचून जाते आणि कठीण दाणा मागे राहतो. त्यामुळे पक्ष्याने केलेला उपकार पुसला जातो आणि चोरीचा मुद्देमाल तेवढा हाती लागतो. जे जठर उघडले ते एका दिवसाचे, एका घटकेचे असते. सुगरणीचेच पाहा. मोठी सुगरण जोंधळ्या-बाजरीवर तुटून पडते. पण तीच आपल्या पिलांना अळ्या आणि नाकतोडे भरविते. एकच पक्षी एका महिन्यात जमेच्या बाजूस असतो आणि दुसऱ्या महिन्यात खर्चाच्या. तेव्हा ‘मित्र की शत्रू’ हा प्रश्नच थोडासा चुकीचा आहे. ‘कोठे आणि केव्हा’ असे विचारले पाहिजे. असो. निदान एका सरकारी ग्रंथाने पाखराच्या पोटात डोकावून पाहिले. आपल्या साहित्याने काय केले?

परंपरा लहान नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ ही आपल्या भाषेची पणजी. तिच्यातील गावात साळीची, तागाची, कापसाची शेते आहेत, पोपटांचे थवे आहेत, राखण करणाऱ्या स्त्रियाही आहेत. परंतु ते शेत कशासाठी आहे? संकेतस्थळ म्हणून. पीक उंच वाढले की प्रेमिकांना आडोसा होतो, आणि कापणी झाली की तो जातो. तेथील नायिका हळहळते ती एवढ्यासाठी. संस्कृत महाकाव्यांतही साळीची राखण करणाऱ्या स्त्रिया येतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त त्या उसाच्या सावलीत बसून राजाचे यश गातात. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त त्यांच्या गाण्याने हरिणे चरावयाचे विसरतात. पिकाच्या रक्षणाची याहून स्वस्त युक्ती कोणत्याही कृषिखात्याला सुचलेली नाही! मद्रासकडे असलेल्या आमच्या वाचकांना ठाऊक असेल की, प्राचीन तमिळ काव्यात ‘कुरिंजी’ म्हणजे डोंगराळ प्रदेशाच्या कवितेत कांगासारख्या बारीक धान्याच्या शेतावर पोपट हाकीत बसलेली मुलगी हा ठरलेलाच संकेत आहे. मुरुगनाची वल्लीही अशीच शेत राखीत होती. तेथेही सुगी संपली की मुलीला घरी बसावे लागते आणि भेटी तुटतात.

हे सारे सुंदर आहे, आणि त्याचे सौंदर्य नाकारण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाही. फक्त इतकेच म्हणावयाचे की, या सर्व काव्यात पाखरू हे निमित्त आहे. पोपट नसता तर मुलगी शेतावर नसती, आणि मुलगी नसती तर नायक आला नसता. पोपटाने किती कणसे रिकामी केली हे एकाही कवीने विचारले नाही. आणि त्या मुलीचा दिवस कसा गेला, हेही पुढच्या काळात कोणी विचारले नाही. अंगावर ऊन घेत, घसा कोरडा पडेपर्यंत हाकारे घालीत कणसे भरण्याचे आठवडेच्या आठवडे काढण्याचे हे काम घरातील मुलांकडे आणि बायकांकडे असे, ते त्यांच्या वेळाला घरात किंमत नव्हती म्हणून. मुले शाळेत जाऊ लागली, मजुरी वाढली, आणि राखणीला माणूस मिळेनासा झाला. पाखरांपायी जोंधळा-बाजरी पेरणेच सोडले असे सांगणारे शेतकरी आज पुष्कळ भेटतात. माळ्यावरची ती मुलगी काव्यात बसून राहिली. शेतातून ती उठून गेली, आणि ते चांगलेच झाले.

मराठी संतकाव्याकडे वळल्यावर प्रथम कावळा भेटतो. ज्ञानेश्वरांच्या प्रसिद्ध विराणीतील कावळा पाहुण्याची वर्दी देणारा आहे, आणि त्याला गोडधोडाचे आमिष दाखविले जाते. काकबळीत, पितृपक्षात, पिंडाच्या वेळी त्याची वाट पाहिली जाते. लहान मुलाला भरवितानाही एक घास काऊच्या नावाने काढला जातो. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कावळ्याला घास ‘दिला’ जातो. तो ‘घेत’ नाही. आपले साहित्य आणि आपला आचार दोन्ही ज्या कावळ्याला ओळखतात तो पानावर बोलाविलेला कावळा होय. मक्याचे कणीस सोलणारा, भुईमुगाच्या ओळीत चोच घालणारा, आणि त्याच शेतात नांगरामागे चालत हुमणी वेचणारा कावळा हा त्याचा सख्खा भाऊ. पण त्याची आपल्या ग्रंथांतून ओळख नाही.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो आम्हांस आपल्या जुन्या वाङ्मयातील फार मोलाचा प्रसंग वाटतो. महिपतींनी संतचरित्रात तुकोबांच्या राखणीची कथा सांगितली आहे. एका शेतकऱ्याने थोड्या धान्याच्या बोलीवर तुकोबांना शेत राखावयास बसविले आणि तो परगावी गेला. पाखरे आली. तुकोबांना त्यांच्या ठिकाणी देव दिसला. त्यांनी कोणाला हाकलले नाही. शेतकरी परतला तो कणसे रिकामी. त्याने पंचांकडे दाद मागितली. पुढे शेत पाहावयास गेले तो पीक भरलेले, आणि धान्य अपेक्षेपेक्षा किती तरी अधिक निघाले.

ही कथा आपण लहानपणापासून भूतदयेची कथा म्हणून ऐकतो. आम्हांस तिचे मर्म निराळे वाटते. तुकोबांनी दया केली ती दुसऱ्याच्या शेतावर, आणि हे महिपतींनी लपविलेले नाही. त्यांनी शेतकऱ्याला दुष्ट रंगविण्याऐवजी पंचांसमोर उभे केले. त्याची तक्रार खरी आहे, करार मोडला आहे, नुकसान झाले आहे. हे मान्य असल्यामुळेच कथेला चमत्काराची गरज पडते. शेतकऱ्याची बाजू कच्ची असती तर चमत्कार कशाला हवा होता? पंचांनी तुकोबांना सोडून दिले असते आणि कथा संपली असती. कथाकाराला दोन्ही गोष्टी हव्या आहेत. पाखरांची भूक खरी आणि शेतकऱ्याचे देणेही खरे. आणि या दोहोंचा मेळ माणसाच्या हाताने बसत नाही हे जाणून त्याने तो देवाच्या हातात दिला. आधुनिक वाचकाला चमत्कार पटणार नाही. पण चमत्कार वगळला तर जे उरते ते अगदी आजचे आहे: करुणा एकाची, शेत दुसऱ्याचे, आणि मध्ये पंच.

आधुनिक काळात ही तक्रार कोणी पुढे नेली असे दिसत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि सुगरणीचा खोपा घराघरांत पोहोचला. पक्षिशास्त्राचे जाणकार सांगतात की, सुगरणीचे घरटे नर विणतो आणि मादी ते पसंत करते. गाण्यात मात्र सारे कौतुक आईच्या वाट्याला आले आहे. ही चूक दाखविण्यात आम्हांस गोडी नाही. गाण्याला आई हवी होती, तिने ती घेतली. नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. बहिणाबाई स्वतः शेतकरीण. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी यांवर त्यांची स्वतंत्र गाणी आहेत. शेतीच्या कामांची इतकी भरघोस कविता मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच लिहिली असेल. खळ्यावरचा प्रत्येक दाणा ज्यांनी हाताळला होता त्यांनाही खोप्याच्या गाण्यात सुगरण ही दाणा खाणारी म्हणून आठवली नाही. दोन्ही अनुभव एकाच बाईचे, एकाच शेतावरचे. पण परंपरेने त्यांची दालने वेगळी ठेविली होती. पक्षी मायेच्या दालनात, पीक कष्टाच्या.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले आणि निसर्गाकडे पाहण्याची मराठी गद्याची नजरच पालटली. तरी ती नजर पाहणाऱ्याची आहे, पेरणाऱ्याची नव्हे. तसा तिचा दावाही नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी बंदूक वापरली आणि पुढे ती ठेवून निरीक्षणाची वही आणि रेखाटनाची पेन्सिल हाती घेतली; ‘सत्तांतरा’त तर वानरांच्या टोळीतील सत्तेची झुंज त्यांनी वनखात्याच्या टिपणाइतक्या कोरड्या शब्दांत लिहून तिला शोकान्तिकेची उंची दिली. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातील नोकरीचे सोने केले. हे लेखक नसते तर मराठीत अरण्य आलेच नसते. परंतु अरण्य ही शेताची दुसरी बाजू आहे. अरण्यातील पक्षी कोणाचे काही खात नाही, निदान आपले खात नाही. त्याच्यावर प्रेम करणे सोपे आहे. बांध ओलांडून तो आत आला की प्रश्न सुरू होतो, आणि तेथे आपले निसर्गलेखन थबकते.

इंग्रजीत लिहिलेले परंतु मुंबईच्या मातीतले एक पुस्तक या संदर्भात वाचण्यासारखे आहे. सालिम अली यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले. खेतवाडीतल्या घरात वाढलेला हा मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारी. त्यांतल्या एकीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तेथे मिलर्ड यांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि पुढचे सारे प्रसिद्ध आहे. आम्हांस मात्र त्याहून अधिक लक्षणीय वाटते ती त्या मुलाने १९०६-०७ च्या सुमारास करून ठेवलेली एक छोटी नोंद. घरट्यावर पहारा करणारा चिमणा त्याने मारला. मादीने लवकरच दुसरा नर आणला. तोही मारला, तिसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले, आणि प्रत्येक वेळी जागा भरून निघाली.

बालवयातील ही नोंद क्रूर आहे. वयस्क लेखकाने तिच्यावर भूतदयेचा मुलामा चढविला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे सबंध प्रश्नाचे उत्तर आहे. बंदुकीने पाखरू मरते, पाखराची जागा मरत नाही. जेथे दाणा आहे, खोपा आहे, बसावयास फांदी आहे, तेथे रांगेत उभा असलेला दुसरा येतो. पिकावरचे कावळे मारणाऱ्याचाही अनुभव याहून वेगळा नसतो. एक कावळा पडला की बाकीचे गलका करून उठतात, काही दिवस ते शेत टाळतात, आणि मग परत येतात. मेलेला कावळा बांबूला टांगून ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, ती या काही दिवसांसाठीच. म्हणजे गोळीने होते ते भय, संहार नव्हे. आणि भयच निर्माण करावयाचे असेल तर गोफणीचा फटका काडतुसापेक्षा स्वस्त पडतो. गोफण थव्यावर फिरते, एकावर रोखली जात नाही. उठविणे हा तिचा हेतू. मारणे झालेच तर अपघात. ‘राखण’ या आपल्या शब्दात हा विवेक पूर्वीपासून आहे: राखावयाचे असते ते पीक.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते याचे उदाहरण शेजारच्या देशाने घालून दिले आहे. चीनमध्ये १९५८ साली उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चार उपद्रवांविरुद्ध मोहीम निघाली. लोकांनी थाळ्या, डबे, ढोल बडवून चिमण्यांना खाली बसू दिले नाही. दमून त्या आभाळातून पडल्या. राखणदाराचा तोच पत्र्याचा डबा! पुढे किडींचा उपद्रव वाढला. झेंग झुओशिन या पक्षिशास्त्रज्ञाने चिमण्यांच्या आहाराचा अभ्यास करून त्या किडेही खातात हे दाखविले, आणि १९६० साली यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला. त्या वर्षांतील भयानक दुष्काळाची कारणे अनेक होती, सारा दोष या मोहिमेच्या माथी मारणे योग्य नव्हे. पण पोट तपासण्याचे काम हुकूम निघण्यापूर्वी झाले असते तर बरे, एवढे कोणत्याही कचेरीतील माणसाला कळेल.

आपल्याकडील कायद्याची भाषाही वाचण्यासारखी आहे, आणि आमचे वाचक ती वाचून कंटाळलेले असले तरी येथे थोडी सवड मागतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ‘खऱ्याखुऱ्या’ या शब्दात मसुदा लिहिणाऱ्याचा संशय लपलेला नाही; पिकाच्या नावाखाली शिकार चालते हे त्याला माहीत होते. आणि परवाना बंदुकीचा असतो, पाखराचा नसतो. पाखरांचा हिशेब दुसऱ्या कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाला पाचवी अनुसूची होती. तिच्यात साधा कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर, घुशी अशी मंडळी होती, आणि त्यांना कसलेही संरक्षण नव्हते. या वर्गाला इंग्रजीत ‘व्हर्मिन’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील कृमिवाचक शब्दापासून आला आहे. मराठीत त्यासाठी ‘उपद्रवी’ शब्द वापरतात. दोन शब्दांत मोठे अंतर आहे. इंग्रजी शब्द जात सांगतो, मराठी शब्द वर्तन सांगतो. उपद्रव दिला तर उपद्रवी. न दिला तर नाही. कायद्याने जी गोष्ट जन्मावरून ठरविली ती भाषांतराने नकळत कर्मावर आणून ठेविली. भाषांतरकाराचे नाव राजपत्रात छापत नाहीत. छापावयास हरकत नव्हती.

२०२२ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती पाचवी अनुसूचीच काढून टाकली. पन्नास वर्षे कावळ्याच्या कपाळी असलेला शिक्का असा एका दुरुस्तीने पुसला गेला. एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार मात्र कायम आहे. त्याचा उपयोग बिहारात नीलगाईंबाबत झाला; २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याकडे त्या मारल्या गेल्या तेव्हा केंद्रातील दोन मंत्र्यांचे मतभेद उघड्यावर आले. त्या वादात एकीकडून करुणा बोलली, दुसरीकडून शेतकऱ्याचे नुकसान बोलले. महिपतींची कथाच जणू चमत्कार वगळून पुन्हा सांगितली जात होती. वृत्तपत्रांनी त्यावर रकाने भरले. साहित्यिकांपैकी कोणी त्यात कथेचे बीज पाहिले असल्यास आमच्या वाचनात आलेले नाही.

आमची तक्रार ती हीच. या विषयात साहित्याला हवे ते सारे आहे. खेड्यातील शेतकरी बंदुकीवाचून किती तरी गोष्टी जाणतो. कुसळांची बाजरी पाखरांना टोचते म्हणून तो ती निवडतो. ज्याचे कणीस वाकून खाली पाहते तो जोंधळा पाखराला बसावयास अवघड जातो हे त्याला ठाऊक असते. एकट्याचेच शेत आधी पिकले तर पंचक्रोशीतील थवे त्याच्यावर पडतात, म्हणून शेजाऱ्याबरोबर पेरावे लागते. म्हणजे भांडण असले तरी बांधापलीकडच्याशी बोलावे लागते. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? चकाकणाऱ्या फिती वाऱ्यावर फडफडतात, बुजगावण्याच्या अंगात मेलेल्या आजोबांचा सदरा असतो, आणि चार दिवसांत कावळा त्याच्याच खांद्यावर येऊन बसतो. ग्रामीण कथेने बैल पाहिला, विहीर पाहिली, भाऊबंदकी पाहिली, ट्रॅक्टरही पाहिला. पाखरांकडे तिने मान वर करून पाहिले नाही.

आणि भोरड्या. सप्टेंबराच्या सुमारास त्या मध्य आशियाकडून येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. सोलापूरकडील जोंधळ्यावर त्यांचे थवे उतरले की आभाळ हलल्यासारखे दिसते; माळ्यावरचा माणूस उभा राहून गोफण फिरवू लागतो. हीच भोरडी उन्हाळ्यात आपल्या मूळ प्रदेशात टोळांवर जगते आणि पिलांना टोळ भरविते. चीनच्या शिंजियांग प्रांतात तिने यावे, राहावे म्हणून माणसे मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून ठेवतात. एका टोकाला तिच्यासाठी भिंत बांधली जाते, दुसऱ्या टोकाला तिच्यावर दगड फेकला जातो, आणि दोन्ही ठिकाणचा शेतकरी आपापल्या जागी बरोबर आहे. मेसन यांच्या पद्धतीने तिचे जठर सोलापुरास उघडले तर जोंधळा निघेल, शिंजियांगात उघडले तर टोळ. हिच्यावर चितमपल्लींच्या तोडीच्या माणसाने, पण बांधाच्या आत उभे राहून, एक पुस्तक लिहावयास हवे होते. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरासच वारले. सप्टेंबरात भोरड्या नेहमीप्रमाणे तेथे उतरतात.